गुपचूप तोंडात मावेना

नागपूरच्या सक्करदऱ्यात एका ठेल्यावर आम्ही चौघं गुपचूप खात उभे होतो. पुण्या-मुंबईकडे जिला पाणीपुरी म्हणतात, ती. आमच्यातल्या एकाने पुरी हातातच फोडली आणि तुकड्या-तुकड्यांनी खाल्ली. म्हणाला, "अख्खी जात नाही बे." वय सव्वीस. झणझणीत सावजी जेवण त्याने आधीच सोडलं होतं, कारण तोंडाची आग व्हायची. खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखू-चुन्याचं घोटलेलं मिश्रण, मात्र दिवसाला सहा-सात.

दातांच्या डॉक्टरांनी त्याला तीन बोटं उभी करून तोंडात घालायला सांगितली. दोनच गेली. गालात आतून बोट फिरवलं की ताणलेल्या सुतळीसारखं काहीतरी लागत होतं. या आजाराला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. १९५२ मध्ये केनियात राहणाऱ्या पाच भारतीय बायकांमध्ये तो पहिल्यांदा नोंदला गेला, आणि पुढच्याच वर्षी डॉ. जोशी यांनी भारतातल्या रुग्णांवरून.

ती सुतळी कशाची? कोलेजन या प्रथिनाची. आपल्या पेशी विटांसारख्या एकमेकींना चिकटून बसलेल्या असतात असं शाळेतल्या आकृतीवरून वाटतं. बऱ्याच अवयवांत त्या खरं तर स्वतःच विणलेल्या एका जाळ्यात राहतात. या जाळ्याला मॅट्रिक्स म्हणतात. त्यात तीन पदरी कोलेजनचे दोर असतात, फायब्रोनेक्टिनचे चिकट धागे असतात आणि पाणी धरून ठेवणारी साखरेची लांब साखळी-द्रव्यं असतात. हे नुसतं भरताड आहे अशीच बरीच वर्षं समजूत होती. मलाही कॉलेजात तसंच शिकवलं गेलं.

पण पेशी हे जाळं हाताने चाचपत असते. तिचे हात म्हणजे इंटेग्रिन. हे नाव १९८६ चं. हे प्रथिन पेशीच्या आवरणातून आरपार गेलेलं असतं: बाहेरचं टोक जाळ्याला धरतं, आतलं टोक पेशीच्या अंतर्गत दोरांना बांधलेलं असतं. पेशी ओढून बघते आणि जाळं किती ताठ आहे यावरून पुढे काय व्हायचं ते ठरवते. २००६ मध्ये अमेरिकेत अस्थिमज्जेतल्या मूळपेशी वेगवेगळ्या कडकपणाच्या जेलवर वाढवल्या गेल्या. पोषणद्रव तोच. मेंदूइतक्या मऊ जेलवर त्यांना चेतापेशींसारख्या फांद्या फुटल्या, स्नायूइतक्या घट्ट जेलवर त्या स्नायूकडे झुकल्या आणि त्याहून कडक जेलवर हाडाकडे. बिछाना बदलला, एवढंच.

गर्भात तर हे सतत चालू असतं. आपला जबडा जिथे आहे तिथे उगवलेला नाही. गर्भाच्या पाठीकडून निघालेल्या पेशी फायब्रोनेक्टिनच्या वाटेवरून चालत चेहऱ्यापर्यंत येतात आणि जबड्याची हाडं घडवतात. तोंडातलं जाळं विणणाऱ्या फायब्रोब्लास्ट पेशीही बहुतांशी याच घराण्यातल्या. ज्या उंदरांत फायब्रोनेक्टिनच बनत नाही, ती पिल्लं गर्भातच मरतात.

विणलेलं कापायची सोयही शरीरात आहे. बेडकाच्या पिल्लाची शेपटी कुठे जाते, याचा माग काढताना १९६२ मध्ये कोलेजन कापणारं विकर (एन्झाइम) सापडलं. विणणं आणि कापणं यांचा मेळ बसला की ऊतक मऊ राहतं.

खर्रा हा मेळच बिघडवतो. पन्नीत घोटलेल्या त्या मिश्रणात आपण तंबाखूला शिव्या घालतो, आणि तिची ती लायकीच आहे. पण या आजारात मुख्य गुन्हेगार सुपारी. सुपारीतलं अरेकोलिन फायब्रोब्लास्टला जास्त कोलेजन विणायला लावतं. सुपारीत तांबं भरपूर असतं, आणि कोलेजनच्या दोरांना आडवे टाके घालणारं विकर तांब्यावरच चालतं. वर सुपारीतल्या टॅनिन या तुरट द्रव्यामुळे हे दोर कापणाऱ्या विकराला दाद देत नाहीत. चामडं कमावतात त्यातला हा प्रकार आहे, फक्त चामडं जिवंत माणसाच्या गालाचं.

पुढचं वाईट म्हणजे, सुपारी थांबली तरी पेशीच्या हाताला ताठ जाळंच लागत राहतं. ताठ जाळ्यावरची फायब्रोब्लास्ट आकसणारी, जोराने ओढणारी पेशी बनते. टीजीएफ-बीटा हा 'आणखी विणा' सांगणारा रेणू जाळ्यातच कुलूपबंद ठेवलेला असतो. या ओढीने ते कुलूप उघडतं. मग आणखी कोलेजन, आणखी ताठरपणा. वरची त्वचा पातळ होते, रक्तवाहिन्या कमी होतात. केरळात अशा ६६ रुग्णांवर १७ वर्षं लक्ष ठेवलं गेलं, तेव्हा पाच जणांना तोंडाचा कॅन्सर झाला.

महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. तरी ठेल्यावर खर्रा घोटायचा आवाज कुणी नागपूरकर ओळखणार नाही, असं होणं नाही.

आमच्या मित्राने खर्रा सोडला. आता तो सकाळ-संध्याकाळ आइस्क्रीमच्या काड्यांची थप्पी दातांत धरून बसतो. जमलं की मधे आणखी एक काडी सरकवायची. दिवाळीत चौदा जायच्या, परवा सतरावी गेली. गुपचूप अजून फोडूनच खातो.