रिपोर्टमधला ‘२’

२०२१ साली मुंबईतल्या एका तान्ह्या बाळासाठी सुमारे १६ कोटींचं इंजेक्शन अमेरिकेहून आलं. लोकांनी वर्गणी काढली, केंद्राने सुमारे ६ कोटींचे कर माफ केले आणि एसएमए, म्हणजे स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी, या स्नायू दुबळे करत नेणाऱ्या आनुवंशिक आजाराचं नाव घरोघरी पोचलं. बातमी कोटींपाशी संपते. परळच्या ओपीडीत बसलेले आईबाप मात्र विचारतात, पुढचं मूल नीट होईल ना?

एसएमएन-१ हे जनुक पाचव्या गुणसूत्रावर असतं. एक प्रत आईकडून, एक बापाकडून. दोन्हीकडून चालती प्रत आली नाही की एसएमए होतो. एकच चालती प्रत असलेला माणूस स्वतः ठणठणीत, पण आजाराचा वाहक. दोघंही वाहक असतील तर धोका चारात एक, आणि तो प्रत्येक गरोदरपणी नव्याने. ‘एकाला झालं, पुढची तीन सुटली’ हा हिशेब साफ चूक आहे.

खरी कसोटी पुढे लागते. कधी आईच्या रिपोर्टात एक प्रत येते आणि बापाच्या रिपोर्टात दोन. मग बाळाला आजार झालाच कसा? घरात बोट लगेच सुनेकडे वळतं. पण नेहमीची तपासणी प्रती फक्त मोजते, त्या कुठे आहेत ते सांगत नाही. दोन खिशांत एकेक नाणं असो की एकाच खिशात दोन, बेरीज तीच. बापाच्या एका गुणसूत्रावर दोन्ही प्रती असतील आणि दुसरं रिकामं असेल, तर तो छुपा वाहक. पुढच्या खेपेलाही धोका चारात एक. उलट, दोन्ही गुणसूत्रांवर एकेक प्रत असून शुक्रपेशी घडताना एक गळाली असेल, तर धोका अगदी थोडा.

हे उलगडायला बाळाच्या बापाच्या आई-वडिलांचं, म्हणजे आजी-आजोबांचं रक्त लागतं. एकाकडे तीन प्रती आणि दुसऱ्याकडे एकच निघाली, तर एकाकडून दोन प्रतींचं आणि दुसऱ्याकडून रिकामं गुणसूत्र आलेलं असू शकतं, म्हणून बाप छुपा वाहक असण्याची शक्यता खूप वाढते.

पत्रिकेतली एकनाडी यातलं काहीच सांगत नाही. गोत्रही नाही. मामाच्या मुलीचं गोत्र वेगळं असतं, म्हणून ती स्थळ म्हणून चालते. पण आते-मामे भावंडांची सरासरी आठवा हिस्सा जनुकं समान असतात.

आजी-आजोबांना रक्त द्यायला राजी करणं हे समुपदेशकाचं सगळ्यात अवघड काम. त्यांना स्वतःला काही होणार नसतं. पण बाळाची आत्या लग्नाची असते, आणि ‘वाहक’ हा शब्द स्थळांपर्यंत पोचेल याची धास्ती असते. तिकडे सून पुन्हा गरोदर असते. गर्भाच्या वारेतल्या पेशींची तपासणी साधारण अकराव्या आठवड्यापासून होते. आणि सासूबाई म्हणत असतात, "आधी साखरपुडा होऊ दे, मग रक्ताचं बघू."