होस्टचं एक्स्पान्शन की प्रत्येकाचं?

आमचा चौघांचा कट्टा पूर्वी ठाण्यात तलावपाळीला भरायचा. आता एक ऐरोलीत, एक नेरुळला, आम्ही दोघं घोडबंदर रोडला. त्यामुळे शनिवारी रात्री भेट होते ती ऑनलाइन खेळातच. एक्स्पान्शन म्हणजे मूळ खेळात भर घालणारा, वेगळा विकत मिळणारा भाग. ‘एकाने एक्स्पान्शन घेतलं की सगळ्यांचं भागतं’ असं आम्ही धरून चाललो होतो. काही खेळांत ते अगदी खरं आहे, काहींत साफ चूक.

स्टेलारिस या अंतराळातल्या साम्राज्यांच्या खेळात खरं. होस्टकडे, म्हणजे जो गेम लावून बाकीच्यांना आत घेतो त्याच्याकडे, युटोपिया हे एक्स्पान्शन (२०१७) असेल, तर त्याच्या गेममध्ये आलेल्या प्रत्येकाला ते वापरता येतं. मी स्वतः फक्त मूळ खेळ घेतलाय, तरी ऐरोलीकराने होस्ट केलेल्या गेममध्ये एका ताऱ्याभोवती डायसन स्फिअर (ताऱ्याची ऊर्जा गोळा करणारं अवाढव्य कवच) बांधला. याचं कारण असं, की एक्स्पान्शनचा बराचसा ऐवज फुकटच्या अपडेटबरोबर सगळ्यांच्या कॉम्प्युटरवर आलेलाच असतो. पैसे देऊन मिळते ती किल्ली, आणि होस्टची किल्ली सगळ्यांना चालते.

त्याच भरवशावर आम्ही सिव्हिलायझेशन ६ च्या गॅदरिंग स्टॉर्म या एक्स्पान्शनसाठी (२०१९) वर्गणी काढली आणि नेरुळकराच्या खात्यावर घेतलं. रात्री साडेदहाला त्याने गेम लावला. तो आत, आम्ही तिघं बाहेर. इथे ते प्रत्येकाच्या खात्यावर लागतं. आम्ही आधी नीट वाचलं नव्हतं. शेवटी त्याने रूलसेट ‘स्टँडर्ड’वर, म्हणजे एक्स्पान्शनशिवायच्या मूळ नियमांवर, नेला तेव्हा खेळ सुरू झाला, पण ज्या पुरांसाठी आणि ज्वालामुखींसाठी पैसे भरले, ते त्यात नव्हते. फॅक्टोरिओ या कारखाने उभारायच्या खेळाचं स्पेस एज हे एक्स्पान्शनही (२०२४) प्रत्येकाकडे हवं. व्हर्जन मात्र दोन्ही प्रकारांत, होस्टचं चालतं तिथे आणि प्रत्येकाचं लागतं तिथेही, सगळ्यांचं एकच लागतं.

एज ऑफ एम्पायर्स २ ची डेफिनिटिव्ह एडिशन या दोन्हींच्या मधली: समोरचा विकतची संस्कृती घेऊन उतरला तरी आपण त्याच्याशी लढू शकतो, फक्त ती स्वतः निवडता येत नाही.

म्हणून वर्गणी काढायची ती पहिल्याच प्रकारात. तिथेही विकत घेणाराच कायम होस्ट राहतो, हे आधी बोलून घ्यावं. तो गावाला गेला आणि दुसऱ्याने नवा गेम लावला, तर एक्स्पान्शन नाही. आमच्यात ज्याला रात्रपाळी नाही आणि ज्याचं नेट दगा देत नाही, त्याच्याच खात्यावर आता खरेदी होते. दुसऱ्या प्रकारात सेलची वाट बघतो आणि चौघं एकाच दिवशी घेतो. कुणाला त्या महिन्यात जमत नसेल, तर सगळे स्टँडर्डच खेळतो.