आडात नसलं तरी पोहऱ्यात

परीक्षा जवळ आली की आमच्या अभ्यासाच्या ग्रुपवर एक चित्र हटकून फिरतं. रंगीत पिरॅमिड. वर टोकाला लिहिलेलं असतं: व्याख्यान ऐकलं तर ५ टक्के लक्षात राहतं. त्याखाली वाचन १० टक्के, मग चर्चा ५०, स्वतः करून पाहणं ७५ आणि अगदी तळाला, दुसऱ्याला शिकवणं ९० टक्के. पाठवणाऱ्याचं एक वाक्यही सोबत असतं, ‘म्हणून ग्रुप स्टडी करा!’ लगेच अंगठ्यांची रांग लागते आणि पुन्हा सगळे एकमेकांना पीडीएफ पाठवायला मोकळे.

विज्ञानाच्या विद्यार्थ्याला तरी हे आकडे पाहून खटकायला हवं. पाच, दहा, पन्नास, नव्वद असे गुळगुळीत आकडे मेंदू कधीपासून द्यायला लागला? नव्वद टक्के म्हणजे कशाचे, किती दिवसांनी आणि कुठल्या परीक्षेत? एडगर डेल या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञाने १९४६ साली एक शंकू मांडला होता. प्रत्यक्ष अनुभवापासून शब्दांपर्यंत शिकवण्याच्या साधनांची ती उतरंड होती आणि तिच्यात टक्केवारी अजिबात नव्हती. आकडे नंतर कुणीतरी चिकटवले आणि ज्या प्रयोगातून ते निघाले म्हणतात, तो प्रयोग आजवर कुणी दाखवू शकलेलं नाही. याच जातीचा आपल्याकडचा धंदा म्हणजे ‘मिडब्रेन ॲक्टिव्हेशन’, मुलांचा मध्यमेंदू ‘जागा’ करून देण्याचे वर्ग. डोळ्यांवर पट्टी बांधून पोरांना वाचायला लावायचं आणि पालकांकडून हजारो रुपये उकळायचे. पट्टीखालून, नाकाच्या कडेच्या फटीतून मुलं बघतात हे विवेकवादी कार्यकर्त्यांनी किती वेळा उघड केलं, तरी वर्ग भरतातच. मध्यमेंदू जन्मापासून चालूच असतो हो. तो बंद असता तर पोराला डोळे फिरवणंही जमलं नसतं.

पण पिरॅमिडचे आकडे खोटे असले तरी त्याची दिशा पूर्ण चुकीची नाही. दुसऱ्याला समजावून सांगितलं की आपल्याला जास्त कळतं, हे खरंच आहे. ते का खरं आहे, हे मात्र पिरॅमिड सांगत नाही आणि सगळी गंमत त्या ‘का’मध्येच आहे.

माझं पदवीचं शिक्षण टाळेबंदीत सापडलं. मार्च २०२० मध्ये कॉलेज बंद झालं. वर्गातले काही सांगलीकडे, काही नांदेडकडे, काही कोकणात आपापल्या घरी गेले आणि सूक्ष्मजीवशास्त्र मोबाईलच्या पडद्यावर आलं. व्हॉट्सॲपवर ग्रुप, टेलिग्रामवर पुस्तकं, रात्री मीटवर कॉल. साहित्याचा पूर होता. त्या दिवसांत एक गोष्ट लक्षात येऊ लागली की ज्या विषयाच्या पीडीएफ सर्वांत जास्त साठवल्या, तो विषय डोक्यात सर्वांत कमी होता. आणि रेंज जात-येत असताना, कॅमेरे बंद ठेवून, तुटक आवाजात जो विषय एकमेकांना सांगितला, तो आजही झोपेतून उठवून विचारला तरी सांगता येतो.

याचा उलगडा करणारा एक प्रयोग २००६ साली प्रसिद्ध झाला. सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातले रोडिगर आणि कार्पिकी यांनी विद्यार्थ्यांना एक छोटा शास्त्रीय उतारा दिला. पहिल्या गटाने तो पाच-पाच मिनिटांच्या चार फेऱ्यांत नुसता वाचायचा. दुसऱ्याने तीन फेऱ्या वाचायचा आणि चौथ्या फेरीत न बघता आठवेल ते लिहायचं. तिसऱ्याने एकच फेरी वाचायचा आणि उरलेल्या तिन्ही फेऱ्यांत कोऱ्या कागदावर आठवून लिहायचं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते: त्यांना ८३ टक्के आठवलं, एकच फेरी वाचणाऱ्यांना ७१. आठवड्याने चित्र पालटलं. चारही फेऱ्या वाचणारे ४० टक्क्यांवर घसरले, तर तीनदा आठवून लिहिणारे ६१ वर टिकले. पहिल्या गटाने तो उतारा एकूण सरासरी चौदा वेळा वाचला होता, शेवटच्या गटाने जेमतेम तीन-चार वेळा. आणि आपल्याला जास्त लक्षात राहील असा विश्वास कुणाला होता? चौदा वेळा वाचणाऱ्यांना. ओळखीचं वाटणं आणि येणं या दोन गोष्टींत मेंदू स्वतःच गल्लत करतो. ग्रुपवर आलेली पीडीएफ उघडून ‘हां, हे माहितीये’ म्हणून बंद करतो, ती हीच गल्लत.

आता शिकवण्याकडे येऊ. सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ साली एक नेमका प्रश्न विचारला: शिकवण्यातला फायदा शिकवण्याचा आहे की आठवण्याचा? त्यांनी विद्यार्थ्यांना ध्वनिलहरी आणि डॉप्लर परिणाम शिकायला दिले. नंतर एका गटाने हाती काहीही न घेता तो धडा शिकवायचा, दुसऱ्या गटाने तयार मजकूर समोर ठेवून शिकवायचा. तिसऱ्या गटाने काही शिकवायचं नाही, फक्त आठवून लिहायचं. चौथ्याने नुसती गणितं सोडवायची, म्हणजे धड्याशी संबंधच नाही. आठवड्याने परीक्षा घेतली तेव्हा मजकुराशिवाय शिकवणारे आणि नुसतं आठवून लिहिणारे, दोन्ही गट बरोबरीने पुढे होते. मजकूर बघून शिकवणारे मात्र त्यांच्या मागे पडले आणि त्यांची कामगिरी गणितं सोडवणाऱ्यांपेक्षा सरस ठरली नाही.

ऑनलाइन वर्गात प्रत्येकाने एक पीपीटी करून ‘सादर’ केलेलं आठवतं का? स्क्रीन शेअर करायची आणि स्लाइडवरचंच वाचून दाखवायचं. कानाला ते शिकवणं वाटतं. मेंदूच्या दृष्टीने त्या पोराने एक तास पाढे म्हटले असते तरी फार फरक पडला नसता.

मग सोबत्यांची गरजच काय? एकट्याने कोरा कागद घेऊन बसावं की. इथे मला सर्वांत आवडणारी गोष्ट येते, त्यामुळे थोडा वेळ घेतो.

स्मृती मेंदूत फाइलसारखी एका जागी पडून नसते. एखाद्या अनुभवाच्या वेळी जे चेतापेशींचे समूह एकत्र पेटतात, त्यांच्यातले जोड बळकट होतात. मेंदूत आठवणी घडवणाऱ्या हिप्पोकॅम्पस या भागात सीए३ नावाचा पट्टा आहे. तिथल्या पेशींचे धागे बाहेर जातात तसेच आपापसांतही भरपूर गुंतलेले असतात. त्यामुळे मूळ नक्षीचा एक तुकडा चेतवला की उरलेली नक्षी आपोआप पुरी होऊ शकते, असं चेताशास्त्रज्ञ मानतात. तुकडा म्हणजे एखादा शब्द, वास, आकृती किंवा प्रश्न. त्याला आपण खूण म्हणू. पण कुठलीही खूण चालत नाही. टुल्विंग आणि थॉमसन या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये मांडलं की गोष्ट मनात साठवताना जी खूण तिच्यासोबत बांधली गेली, तीच पुढे ती गोष्ट वर काढायला उपयोगी पडते. आणि प्रत्येक वेळी आठवताना मूळ नक्षी नुसती वाचली जात नाही. ती ज्या खुणेने वर आली, ती खूणही तिच्यात विणली जाते, असं मानतात. म्हणजे नव्या खुणेने एकदा आठवलं की पुढच्या वेळी त्या वाटेनेही पोचता येतं.

एकट्याने स्वतःची परीक्षा घेताना खुणा कुठल्या असतात? आपल्याच वहीच्या. ‘दुसऱ्या पानावर, डावीकडे, हिरव्या पेनाने.’ प्रश्नही आपणच काढतो, म्हणजे ज्यांची उत्तरं येतात तेच काढतो. सोबती असा मेहेरबान नसतो. त्याच्या डोक्यातली नक्षी वेगळी, त्यामुळे त्याचा प्रश्न भलत्याच बाजूने येतो.

एका रात्री सांगलीची मैत्रीण कॉलवर एन्झाइमचा स्पर्धात्मक अवरोध सांगत होती. एन्झाइम म्हणजे शरीरातल्या रासायनिक क्रियांना वेग देणारं प्रथिन. त्याच्या पृष्ठभागावर एक खाच असते, तिथे मूळ पदार्थ बसतो आणि त्याचं रूपांतर होतं. त्याच्यासारखाच दिसणारा दुसरा रेणू आला तर तो खाच अडवतो. मूळ पदार्थाची मात्रा खूप वाढवली तर अवरोधक मागे पडतो आणि क्रियेचा कमाल वेग पुन्हा गाठता येतो. म्हणून व्हीमॅक्स, म्हणजे हा कमाल वेग, बदलत नाही; केएम, म्हणजे त्याच्या निम्मा वेग गाठायला लागणारी मूळ पदार्थाची मात्रा, मात्र वाढतो. सगळं धडाधड, पुस्तकातल्या क्रमाने. तेवढ्यात नांदेडचा मित्र रेंजसाठी गच्चीवर उभा राहून म्हणाला, “अगं, मग विषारी दारूच्या केसमध्ये पेशंटला साधं अल्कोहोल देतात ते हेच का?”

कॉलवर शांतता. पुस्तकातल्या त्या प्रकरणात दारू नव्हती.

मग तिने हळूहळू जुळवायला घेतलं. विषारी दारूतलं मिथेनॉल स्वतः त्या मानाने फार घातक नाही. यकृतातलं अल्कोहोल डीहायड्रोजिनेज हे एन्झाइम त्याचं फॉर्मल्डिहाइड करतं, पुढे त्याचं फॉर्मिक आम्ल होतं आणि ते डोळ्यांच्या चेतातंतूंचा घात करतं. त्याच एन्झाइमची ओढ इथेनॉलकडे, म्हणजे साध्या अल्कोहोलकडे, जास्त, आणि खाच तीच. म्हणजे इथेनॉल दिलं की खाच अडते आणि मिथेनॉल रूपांतर न होता सावकाश शरीराबाहेर जातं. “मग थोडंसं दिलं तरी चालेल?” गच्चीवरून पुढचा प्रश्न. नाही, स्पर्धा मात्रेची आहे. रक्तातली इथेनॉलची पातळी टिकवून धरावी लागते, नाहीतर मिथेनॉल पुन्हा खाच मिळवतं. हे बोलता बोलता तीच थांबली आणि म्हणाली, “थांब, म्हणजे व्हीमॅक्स का बदलत नाही ते मला आत्ता कळलं.” तोवर ते वाक्य तिला नुसतं पाठ होतं. २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभरावर बळी गेले, त्या बातमीची आठवण मित्राच्या डोक्यात होती. तिच्या वहीत ती खूण असण्याचं कारणच नव्हतं.

यावर हुशार वाचक म्हणेल, हे ठीक, पण निदान एकाला तरी येत असलं पाहिजे. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? मलाही ही म्हण इथे चपखल वाटायची. पण कोलोराडो विद्यापीठात जनुकशास्त्राच्या वर्गावर झालेला एक अभ्यास २००९ साली ‘सायन्स’मध्ये आला, त्याने तिला धक्का दिला. विद्यार्थ्यांना बहुपर्यायी प्रश्न विचारला आणि प्रत्येकाने एकट्याने उत्तर दिलं: सरासरी ५२ टक्के बरोबर. मग शेजाऱ्यांशी चर्चा करून तोच प्रश्न पुन्हा: ६८ टक्के. इथवर कुणीही म्हणेल की हुशार पोराचं बघून बाकीच्यांनी उत्तर बदललं. म्हणून लगेच दुसरा प्रश्न दिला. वरून वेगळा, आतून त्याच संकल्पनेवरचा, आणि तो पुन्हा एकट्याने सोडवायचा. ७३ टक्के! नक्कल करणाऱ्याला नवा प्रश्न सुटला नसता. संशोधकांनी पुढे हिशेब मांडून दाखवलं की ज्या गटात सुरुवातीला एकालाही बरोबर उत्तर येत नव्हतं, अशा गटांतलेही काही जण चर्चेनंतर बरोबर उत्तरापर्यंत पोचले असले पाहिजेत. आड कोरडा नव्हता. प्रत्येकाकडे अर्धवट झरे होते आणि दोर एकाचाच पुरत नव्हता.

तंत्रज्ञानाने यात काय बदललं? बरं आणि वाईट, दोन्ही. प्रत्यक्ष संभाषणात एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होईपर्यंतचं अंतर साधारण २०० मिलिसेकंद असतं. दहा भाषांवर झालेल्या २००९ च्या अभ्यासात सगळीकडे याच्या आसपासचं अंतर दिसलं. एका सेकंदाचा पाचवा भाग! कॉलवर आवाज उशिरा पोचतो, ती लय मोडते आणि शांतता नको तितकी जड होते. मग कुणीतरी घाईघाईने उत्तर सांगून टाकतो. नेमकं त्या अवघडलेल्या शांततेतच समोरचा आठवत असतो, हे कुणाच्या ध्यानात येत नाही. याउलट लेखी ग्रुपवर किंवा व्हॉइस नोटमध्ये घाई नसते. आम्ही पुढे पुढे प्रश्न रात्री टाकायचो आणि उत्तर सकाळी, वही न उघडता, बोलून पाठवायचो. दोन मिनिटांच्या नोटमध्ये ‘म्हणजे... थांब... नाही, उलटं’ असं चारदा आलं, तरी ती पुसायची नाही असं ठरलं होतं. एआय चॅटबॉटबद्दल हल्ली जो गाजावाजा चाललाय, त्यातही माझ्या मते एवढंच बघावं: तो तुम्हाला उत्तर देतोय की तुमच्याकडून काढून घेतोय? बहुतेक जण त्याला पहिल्या कामाला जुंपतात.

एक धोका मात्र खरा आहे. पाच जणांनी मिळून ठामपणे चुकीचं ठरवलं तर? चुकीचं आठवणंही आठवणंच आहे, तेही पक्कं होतं. म्हणून शेवटी पुस्तक उघडावंच लागतं, पण शेवटी. बटरफील्ड आणि मेटकाफ या मानसशास्त्रज्ञांनी २००१ मध्ये दाखवलं की ज्या चुकीच्या उत्तराबद्दल माणसाला सर्वांत जास्त खात्री असते, ते दुरुस्त करून सांगितलं तर नंतरच्या परीक्षेत तेच सर्वांत जास्त प्रमाणात सुधारलेलं सापडतं. धक्का बसतो आणि लक्ष तिथे खिळतं, असं त्यांचं स्पष्टीकरण. आमच्या नांदेडच्या मित्राने अस्पर्धात्मक अवरोधात, म्हणजे अवरोधक खाच सोडून दुसरीकडे चिकटतो तेव्हा, केएम वाढतो म्हणून अर्धा तास हुज्जत घातली होती, चहाची पैजही लावली होती. केएम तसाच राहतो, व्हीमॅक्स घटतो. चहा त्याने अजून पाजलेला नाही, पण त्या प्रश्नावर आता सगळ्यांत आधी हात त्याचाच वर असतो.