सिरॅमिक कोटिंग: थेंबाची साक्ष कितपत खरी?

सिरॅमिक कोटिंग म्हणजे गाडीच्या रंगावर चढवायचा पातळ, पारदर्शक संरक्षक थर. तो विकणारा माणूस आधी बाटलीभर पाणी आणतो. अर्ध्या बॉनेटवर कोटिंग केलेलं असतं, अर्ध्यावर नसतं. तो पाणी ओततो. एका बाजूला ते पसरून ओघळतं, दुसऱ्या बाजूला टपोरे मणी होऊन घरंगळत जातं. बघणाऱ्याच्या मनात हिशोब पक्का होतो: जिथे पाणी ठरत नाही तिथे धूळ, ऊन आणि ओरखडे काय ठरणार! मलाही हे पटलं होतं. नंतर यामागचं रसायनशास्त्र चाळलं तेव्हा लक्षात आलं, की थेंब खोटं बोलत नव्हता. आपण त्याला ज्याबद्दल विचारत होतो, ते त्याने पाहिलेलंच नव्हतं.

थेंब गोल राहतो की पसरतो, हा दोन ओढींमधला मामला आहे. पाण्याचे रेणू एकमेकांना धरून असतात आणि खालचा पृष्ठभाग त्यांना आपल्याकडे ओढत असतो. पृष्ठभागाची ओढ जबर असली की थेंब चपटा होतो, कमी असली की अंग चोरून बसतो. थेंबाची कड पृष्ठभागाला टेकते तिथल्या कोनाला स्पर्शकोन म्हणतात. थॉमस यंगने १८०५ मध्ये त्यामागचा हिशोब मांडला. चांगल्या ताज्या कोटिंगवर हा कोन साधारण १०० ते ११० अंश भरतो. ऐकायला भारी वाटतं, पण मेणबत्तीच्या मेणावरही तो जवळपास तेवढाच असतो.

गुळगुळीत पृष्ठभागावर हा कोन १२० अंशांच्या पुढे नेता येत नाही, कोटिंगची बाटली कितीही महाग असो. अळवाच्या किंवा कमळाच्या पानावरचं पाणी दीडशे अंशांच्या पुढे जातं, कारण त्या पानावर मेणाची अतिसूक्ष्म खडबड असते आणि थेंब खालच्या हवेवर तोलून धरलेला असतो. गाडीला आपल्याला हवी असते ती आरशासारखी सपाटी. तेव्हा पत्रकावर कमळाच्या पानाचं चित्र दिसलं, तर ते निव्वळ चित्र समजावं.

आता मुद्द्याचं. ही ओढ अगदी जवळून लागते. पाण्याला पृष्ठभागाचे सर्वांत वरचे काही रेणू तेवढे जाणवतात. त्याखाली थर एक मायक्रॉनचा (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाचा) आहे की पन्नास, कठीण आहे की मऊ, याचा त्याला पत्ता नसतो. काचेवर एका रेणूच्या जाडीचा तेलकट थर दिला तरी पाण्याचं वागणं पार बदलतं. म्हणजे ज्या प्रात्यक्षिकावर आपण भाळतो, त्यातून टिकाऊपणा कळत नाही आणि संरक्षणही कळत नाही. याची उलटी बाजूही आहे. काही महिन्यांनी मणी होईनासे झाले की लोक हळहळतात, ‘कोटिंग गेलं!’ बऱ्याचदा ते गेलेलं नसतं. त्यावर धुरकट मळाचा आणि क्षारांचा पापुद्रा बसलेला असतो, आणि थेंब त्या पापुद्र्याची हकिगत सांगत असतो. नीट धुतल्यावर मणी परत येतात.

मग कोटिंगच्या बाटलीत असतं काय? सिलिकॉन हे मूलद्रव्य असलेले रेणू, बहुतेक वेळा पॉलिसिलाझेन किंवा सिलॉक्सेन कुळातले, आणि त्यांना पातळ करणारं द्रावक. द्रावक उडून जातं. उरलेले रेणू हवेतल्या ओलाव्याशी अभिक्रिया करून सिलिकॉन-ऑक्सिजनची जाळी विणतात आणि रंगाला घट्ट धरतात. काही प्रकारांत अमोनिया बाहेर पडतो, म्हणून नाकाला तो उग्र वास. कुंभाराच्या भट्टीशी याचा संबंध नाही. तयार होतो तो काच आणि प्लास्टिक यांच्या मधला कुठला तरी पातळ थर.

पातळ म्हणजे किती, ते पाहू. गाडीच्या पत्र्यावर गंजरोधक थर, प्रायमर, बेस कोट आणि वर पारदर्शक क्लिअर कोट असा सगळा ऐवज मिळून १०० ते १५० मायक्रॉन जाड असतो. त्यातला क्लिअर कोट ४०-५० मायक्रॉनचा. माणसाचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास. आणि कोटिंग? एक-दोन मायक्रॉन, कधी त्याहूनही कमी. थर वाढवले तरी आकडा फार पुढे सरकत नाही. उडालेला खडा अडवण्याची अपेक्षा याच्याकडून ठेवणं म्हणजे छत्रीने गारा झेलण्यासारखं आहे. खड्यासाठी पॉलियुरेथेनची जाड फिल्म असते, १५०-२०० मायक्रॉनची, आणि तिचा खर्चही निराळाच.

‘९एच कठीणपणा’ या शब्दांनी तर भल्याभल्यांना चकवलंय. वाचताना खनिजांची मोह्‌स श्रेणी आठवते, जिच्यात हिरा दहावर आहे, आणि नऊ म्हणजे हिऱ्याच्या खालोखाल असं वाटून जातं. पण हे ९एच पेन्सिलीचं आहे. पेन्सिलीचं टोक सपाट घासून ती ४५ अंशांत धरतात, ठरावीक वजनाने पृष्ठभागावर ढकलतात आणि कुठल्या पेन्सिलीने चरा पडतो ते पाहतात. पेन्सिलीचं शिसं म्हणजे ग्रॅफाइट आणि माती. रस्त्यावरच्या धुळीत क्वार्ट्‌झचे कण असतात, मोह्‌स श्रेणीत सातवर बसणारे, आणि त्यांना पेन्सिलीची परीक्षा ठाऊक नसते. शिवाय कोटिंगखालचा क्लिअर कोट त्या मानाने मऊ. गादीवर पातळ काच ठेवून बोटाने दाबावी तशी गत.

मोबाइलचा टॉर्च गडद रंगाच्या गाडीवर धरून पाहा. प्रकाशाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी वर्तुळं दिसतील. गंमत म्हणजे ते चरे वर्तुळाकार नसतातच. ते वाटेल त्या दिशेला गेलेले असतात आणि प्रकाशाला आडवे पडलेले तेवढेच चमकतात, म्हणून टॉर्च हलवला की वर्तुळंही हलतात. यातले बहुतेक चरे धुताना-पुसताना पडलेले असतात. फडक्यात अडकलेला एक कण पुरे. कोरड्या फडक्याने रोज गाडी झटकली जात असेल, तर कोटिंग केलेल्या गाडीवरही हे जाळं उमटतं, थोडं उशिरा इतकंच.

चकाकीचं श्रेयही चुकीच्या ठिकाणी जातं. सिलिका म्हणजे सिलिकॉन-ऑक्सिजनची जाळी. तिचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश किती वाकतो ते सांगणारा आकडा, सुमारे १.४६, क्लिअर कोटचा १.५ च्या आसपास. प्रकाशाला या दोहोंत फारसा फरक नाही. गाडी झळाळते ती आधीच्या मशीन पॉलिशमुळे. त्यात क्लिअर कोटचा काही मायक्रॉन थर घासून चरे सपाट केले जातात. बिलाचा मोठा हिस्सा याच मजुरीचा असतो, आणि कोटिंग त्यावर शेवटचा हात. म्हणून पॉलिशचा आणि कोटिंगचा दर वेगवेगळा विचारावा. उत्तरावरून बरंच काही कळतं.

उन्हापासून बचावाचा दावाही मला पटत नाही. शुद्ध सिलिका अतिनील किरणांना वाट देते. अतिनील दिव्यांच्या नळ्या क्वार्ट्‌झच्या करतात त्या याच गुणामुळे. किरण शोषणारी द्रव्यं क्लिअर कोटमध्ये आधीच घातलेली असतात. कोटिंगमध्ये घातली, तरी एका मायक्रॉनमध्ये मावणार किती?

मग पैसे पाण्यात? तसंही नाही. गाडीच्या वॅक्समध्ये वापरलं जाणारं कार्नौबा मेण ८२ ते ८६ अंश सेल्सिअसला वितळतं, त्याआधीच मऊ पडतं आणि कडक शाम्पूने निघून जातं. त्याचा मुक्काम काही आठवड्यांचा. कोटिंगची जाळी न वितळते, न शाम्पूने विरघळते, आणि वर्षा-दोन वर्षांची सोबत सहज करते. तिच्यावर चिखल, किडे, पक्ष्यांची विष्ठा घट्ट चिकटत नाही. धुताना कमी घासावं लागतं, आणि कमी घासणं म्हणजेच कमी चरे. माझ्या मते तिची खरी कमाई एवढीच, पण ती खरी आहे. विष्ठा मात्र उन्हात तशीच वाळू दिली तर कोटिंग असूनही डाग राहतो.

पाण्याचे डाग हा या सौद्यातला लपलेला खर्च. पसरलेलं पाणी वाळलं तर क्षार सगळीकडे विरळ बसतात. मणी जागेवरच वाळला तर ते एका ठिपक्यात गोळा होतात. जड, म्हणजे क्षार जास्त असलेल्या पाण्याने गाडी धुऊन उन्हात तशीच सोडली, तर कोटिंगवाल्या गाडीवर ठिपके जास्त उठून दिसतात. वॉरंटीच्या बारीक अक्षरांत हे डाग आणि चरे बहुधा वगळलेले असतात, आणि ठरलेल्या मुदतीने तपासणीला गाडी नेण्याची अट असते. वॉरंटीच्या वर्षांची संख्या वाचण्याआधी हा मजकूर वाचावा.

गाडी नवी आणि गडद रंगाची असेल, उघड्यावर उभी राहत असेल, बरीच वर्षं ठेवायची असेल आणि धुणारा हात आपला असेल, तर मी कोटिंग करून घेईन. एकच थर, मधल्या दराचं. गाडी ब्रशच्या मशीनखाली जाणार असेल तर नाही. जुनी, चरे पडलेली असेल तर फक्त पॉलिश आणि वर्षातून काही वेळा वॅक्स. आणि करून घ्यायचंच असेल, तर पॉलिश संपून कोटिंग सुरू होण्याआधी टॉर्च घेऊन स्वतः जाऊन गाडी पाहा. त्या वेळी राहिलेला चरा थराखाली जातो आणि तो काढायचा तर कोटिंगही घासून काढावं लागतं.