ऐतिहासिक अद्भुत प्रणयकादंबरी (कुमारवयीन वाचकांसाठी)

गतकाळातील विशिष्ट कालखंडात घडणारी, अतिमानवी शक्तींना कथानकात प्रत्यक्ष स्थान देणारी व तरुण नायक-नायिकेच्या प्रेमाभोवती गुंफलेली कादंबरी. साधारणपणे बारा ते अठरा वर्षांचा वाचक हिच्यात गृहीत धरलेला असतो.

उगम : या प्रकाराचे मूळ बहुतेक अभ्यासक हॉरस वॉल्पोलच्या ‘द कॅसल ऑफ ओट्रँटो’मध्ये शोधतात. तिचे प्रकाशनवर्ष कुठे १७६४, तर कुठे १७६५ दिलेले आढळते. शीर्षकपृष्ठावर १७६५ छापले असले, तरी पुस्तक २४ डिसेंबर १७६४ रोजी प्रसिद्ध झाले होते. म्हणून आधीचे वर्ष ग्राह्य धरणे बरे. पहिल्या आवृत्तीवर वॉल्पोलचे नाव नव्हते. १५२९ मध्ये नेपल्स येथे छापलेल्या इटालियन ग्रंथाचा हा अनुवाद आहे, अशी बतावणी प्रस्तावनेत होती. कथेचा काळही तेथे सैलसरच सांगितला आहे : पहिल्या व अखेरच्या धर्मयुद्धांच्या दरम्यान, म्हणजे १०९५ ते १२४३ मध्ये, किंवा त्यानंतर लवकरच. एप्रिल १७६५ च्या दुसऱ्या आवृत्तीत मात्र त्याने लेखकत्व मान्य केले. जुन्या अद्भुतकथेची कल्पकता आणि नव्या कादंबरीतील स्वाभाविक माणसे यांचा मेळ घालण्याचा हेतूही त्याने तेथेच स्पष्ट केला.

टॉमस लेलंडच्या ‘लाँगस्वर्ड’ला (१७६२) अग्रमान द्यावा, असाही एक पक्ष आहे. तिच्यातील इतिहास ओट्रँटोपेक्षा भरीव आहे, हे खरे. वॉल्पोलने सिसिलीच्या राजाचे मॅन्फ्रेड हे नाव घेतले, घटना मात्र स्वतःच्याच रचल्या. तथापि लेलंडच्या कथेत अद्भुताचा अंश नाही. त्यामुळे ऐतिहासिक कादंबरीच्या विवेचनात ती महत्त्वाची ठरली, तरी येथे तिला पूर्वपीठिकेइतकेच स्थान देता येते.

अद्भुताची हाताळणी : क्लॅरा रीव्हने १७७८ मध्ये ‘द ओल्ड इंग्लिश बॅरन’च्या प्रस्तावनेत वॉल्पोलवर अतिरेकाचा आक्षेप घेतला. उचलायला शंभर माणसे लागावीत अशी तलवार आली, की वाचकावरचा प्रभावच ओसरतो, असे तिचे म्हणणे. भूत तिने ठेवले, पण शक्यतेच्या काठावर. ॲन रॅडक्लिफच्या ‘द मिस्टरीज ऑफ उडॉल्फो’त (१७९४) कथा १५८४ मध्ये सुरू होते आणि बहुतेक गूढांचा अखेरीस लौकिक उलगडा होतो. याउलट मॅथ्यू लुइसच्या ‘द मंक’मध्ये (१७९६) सैतानी शक्ती खऱ्याच आहेत. आजच्या कुमार-कादंबऱ्या याबाबतीत लुइसच्या बाजूच्या. वाड्यात एकाकी पडलेली, भयभीत तरीही चौकस नायिका मात्र त्यांना रॅडक्लिफकडूनच मिळाली, असे मानण्यास जागा आहे.

वाचकवर्ग : तरुण मुली अशा कादंबऱ्यांत किती रमत, याचे मिस्कील चित्र जेन ऑस्टिनच्या ‘नॉर्थँगर ॲबी’त सापडते, तिची नायिका सतरा वर्षांची आहे. कुमारसाहित्य हा स्वतंत्र ग्रंथव्यवहार मात्र विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आकारास आला.

अलीकडील कादंबऱ्यांपैकी लिबा ब्रे हिच्या ‘अ ग्रेट अँड टेरिबल ब्यूटी’चा (२००३) आरंभ १८९५ च्या मुंबईत होतो व पुढील कथा इंग्लंडमधील मुलींच्या निवासी शाळेत घडते. कॅसँड्रा क्लेअरची ‘क्लॉकवर्क एंजल’ (२०१०) १८७८ च्या लंडनमध्ये घडते. एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडची ही ओढ मध्ययुगाकडे वळणाऱ्या वॉल्पोल-रीव्ह परंपरेहून वेगळी आहे.