दुकान कोणाचं आणि दुकान कोण चालवणार

व्यापारी घरात "पुढचं बघायला हवं" हे वाक्य कधी ना कधी निघतंच, आणि बहुतेक वेळा तिथेच विरून जातं. थोरल्याला वाटतं, बाबा गल्ल्याची किल्ली देण्याबद्दल बोलताहेत. धाकट्याला वाटतं, हिश्श्यांचा विषय निघाला. मुलगी माहेरी आलेली असेल तर ती उठून आत जाते. थांबली तर हिस्सा मागायला आली असं कोणीतरी म्हणेल. आणि बोलणारा म्हातारा स्वतःच मनात म्हणतो, "माझे डोळे मिटायची वाट बघताहेत सगळे."

यातले दोन विषय मुळातच वेगळे आहेत: कारभार कोणाकडे आणि मालकी कोणाची.

कारभार म्हणजे रोजचं काम. चेकवर सही कोणाची, कोणाला किती दिवस उधारी, दिवाळीचा माल कधी भरायचा, कुठल्या कारागिराला सांभाळून घ्यायचं. हे काम लायकी आणि इच्छा बघून द्यायचं असतं. ते थोडंथोडं सोपवता येतं, जमलं नाही तर परत घेता येतं. मालकी येते ती वारसाहक्काने, मृत्युपत्राने, बक्षीसपत्राने किंवा भागीदारीच्या करारातून. तिचे तिसरा, चौथा, आठवा असे हिस्से पडतात आणि एकदा दस्त नोंदवला की मागे फिरणं फार अवघड. कारभाराचे असे हिस्से पडत नाहीत. एकच खरेदी तीन भावांनी तीनदा ठरवायला घेतली की व्यापारी माल दुसऱ्या दुकानात पाठवतो.

आपल्याकडे हा फरक नवा नाही. पाटीलकी-देशमुखीच्या वतनात उत्पन्नाच्या तक्षिमा, म्हणजे हिस्से, भाऊबंदांत पडत, वडीलपणाचा मान मात्र वेगळा मोजला जाई. भांडणं तिथेही भरपूर झाली, वडीलपणाचे दावे पिढ्यान्‌पिढ्या चालले. पण तक्षिमेचा दावा वेगळा आणि वडीलपणाचा वेगळा, एवढं तरी पंचांना ठाऊक असे. आजच्या किराणा दुकानदाराच्या घरात ते ठाऊक नसतं, हे जरा लाजिरवाणंच आहे.

दोन्ही प्रश्न उघडे ठेवून कर्ता पुरुष गेला की काय होतं, ते देशाने एकदा बघितलं आहे. धीरूभाई अंबानी ६ जुलै २००२ रोजी गेले, मृत्युपत्र न करता. दोन्ही मुलगे आधीपासून कंपनीत काम करत होते, त्यामुळे बाहेरून सगळं ठरलेलं वाटत होतं. जे ठरलेलं वाटत होतं तो कारभार होता. शेवटचा शब्द कोणाचा आणि मालकी कशी, हे ठरलेलं नव्हतं. जून २००५ मध्ये आई कोकिलाबेन यांच्या मध्यस्थीने वाटणी झाली: रिलायन्स इंडस्ट्रीज मुकेश यांच्याकडे, दूरसंचार, वीज आणि वित्त अनिल यांच्याकडे. तरी गॅसच्या पुरवठ्यावरून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि मे २०१० च्या निकालात न्यायालयाने सांगितलं की घरातल्या माणसांनी आपसात केलेला समझोता कंपनीला आपोआप बांधत नाही. घरात शब्द दिला म्हणून कंपनीच्या दफ्तरात तो चालत नाही. किर्लोस्करांच्या घरात २००९ मध्ये रीतसर कौटुंबिक करार झाला होता. एकमेकांच्या धंद्यात उतरायचं की नाही यावरून तोही वादात सापडला, आणि २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मध्यस्थीचा मार्ग सुचवला. कागद झाला म्हणजे बोलणं संपलं असं नसतं.

याच्या उलट मॅरिकोचं उदाहरण. पॅराशूट तेलवाली ही कंपनी हर्ष मारीवाला यांनी उभी केली, आणि २०१४ मध्ये व्यवस्थापकीय संचालकपद घराबाहेरच्या सौगत गुप्ता यांच्याकडे दिलं. कुटुंबाची मालकी निम्म्याहून अधिक तशीच राहिली. कारभार गेला, मालकी राहिली. गोदरेजांनी एप्रिल २०२४ मध्ये तिसरा रस्ता धरला: १८९७ पासूनचा समूह दोन शाखांत वाटून घेतला, म्हणजे मालकी आणि कारभार दोन्ही एकत्रच विभागले. यातला कुठलाच मार्ग सगळ्यांना लागू नाही. पण कोणत्या प्रश्नाचं उत्तर आपण देतो आहोत, हे तिथे माहीत होतं.

घामाचं काय?

मोठ्या घराण्यांच्या गोष्टी वाचायला बऱ्या. तालुक्याच्या गावात खरी गाठ बसते ती वेगळ्याच जागी. एक भाऊ पंधरा वर्षं सकाळी आठला शटर उघडतो. दुसरा पुण्यात नोकरीला. बहीण सांगलीला दिलेली. वडील म्हणतात, "तिघंही सारखीच." दुकानातल्या भावाच्या पोटात त्याच वेळी गोळा येतो, कारण त्याच्या हिशेबात सगळं दुकान त्याचंच आहे. पुण्यातल्याला वाटतं, हा इतकी वर्षं एकटाच खातो आहे. दोघंही आपापल्या जागी खरे आहेत.

इथे दोन प्रश्न आकड्यांतच वेगळे करता येतात. धरून चाला, दुकानाला सगळा खर्च जाऊन वर्षाला १८ लाख सुटतात. तिघांत सरळ वाटले तर प्रत्येकी ६ लाख, म्हणजे राबणारा आणि न राबणारा सारखेच; राबणारा एक दिवस चिडणारच. सगळे १८ त्यानेच घेतले तर बाकीचे चिडणार. त्याऐवजी आधी विचारा: हे दुकान चालवायला बाहेरचा लायक माणूस ठेवला असता तर त्याला काय द्यावं लागलं असतं? समजा वर्षाला ६ लाख. ते चालवणाऱ्याचा पगार म्हणून आधी बाजूला काढायचे. उरलेल्या १२ लाखांचे मालकीप्रमाणे तीन हिस्से, प्रत्येकी ४. राबणाऱ्याला १०, इतरांना ४-४. पगार कारभाराचा, हिस्सा मालकीचा. आकडा कमी-जास्त वाटला तर त्यावर भांडता येतं, आणि आकड्यावरचं भांडण मायेवरच्या भांडणापेक्षा लवकर मिटतं. माझ्या मते कुठल्याही वकिलाकडे जाण्याआधी घराने हा एक पगार ठरवावा. बरेच जण याला नाक मुरडतात: "घरच्या माणसाला कसला पगार?" पण पगार न देण्याची सवय जिथे आहे, तिथेच पुढे "मी आयुष्य घातलं" हे वाक्य कोर्टात ऐकू येतं.

हार्वर्डमध्ये रेनाटो टागिउरी आणि जॉन डेव्हिस यांनी १९७० च्या दशकात कुटुंब, मालकी आणि धंदा अशी एकमेकांवर चढलेली तीन वर्तुळं काढून हेच दाखवलं. पुण्यातला भाऊ कुटुंबात आहे, मालकीत आहे, धंद्यात नाही. सूनबाई जीएसटीची विवरणपत्रं भरत असेल तर ती कुटुंबात आणि धंद्यात आहे, मालकीत नाही. जुना मुनीम फक्त धंद्यात. प्रत्येक जण आपल्या जागेवरून बोलतो, आणि समोरच्याला तो लोभी वाटतो.

लेकीचं आणि आईचं

मालकीच्या बोलण्यात मुलीला न बोलावणं ही अजूनही रीत आहे, आणि ती महागात पडते. वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत मुलीचा जन्मसिद्ध हक्क महाराष्ट्राने १९९४ मध्येच मान्य केला, काही अटींसह. सगळ्या देशात तो २००५ च्या दुरुस्तीने आला, आणि ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की त्यासाठी २००५ साली वडील हयात असण्याची अट नाही. वडिलांनी स्वतः कमावलेल्या धंद्याचं मात्र ते मृत्युपत्राने हवं ते करू शकतात. मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायद्याप्रमाणे मुलगे, मुली, विधवा पत्नी आणि मृताची आई हयात असल्यास तीही, अशा सगळ्यांना सारखे हिस्से. घरात वाटणीचं गणित मांडताना आईचा हिस्सा हमखास विसरला जातो.

मग निघतं हक्कसोडपत्र. राखीपौर्णिमेच्या आसपास बहिणीकडून सही घेणं सोपं असतं, हे सगळ्यांना माहीत आहे, म्हणूनच ती सही मला खटकते. बहिणीला हक्क सोडायचा असेल तर खुशाल सोडू दे, पण आधी दुकानाची जागा आणि माल यांची किंमत तिच्यासमोर ठेवावी. आणि कारभाराचा प्रश्न तिलाही विचारावा. दहावीपासून दुकानाचा हिशेब बघणाऱ्या मुलीला "तुला चालवायचंय का?" असं कोणी विचारतच नाही, ज्या मुलाला चालवायचंच नाही, त्याला मात्र नकार देण्याची सोय नसते.

म्हाताऱ्यालाही एक प्रश्न असतो, जो तो कधीच मोठ्याने विचारत नाही: किल्ली दिल्यावर मी कशावर जगू? औषधांचे पैसे मुलाकडे मागायचे का? याचं उत्तर मिळेपर्यंत तो चेकबुक सोडणार नाही, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. त्याच्या आणि आईच्या नावे ठेव, भाडं किंवा ठरावीक रक्कम आधी बांधून द्या. मग कारभाराचं बोलणं काढा, आणि ते जमल्यावर मालकीचं. तिन्ही एका बैठकीत नकोत. कारभाराच्या बैठकीला जे चालवणार ते हवेत, मुनीमही चालेल. मालकीच्या बैठकीला सगळी भावंडं आणि आई, आणि त्यांना घरी जाऊन जावई-सुनांना सगळं खरं सांगायची मोकळीक.

कागदाच्या बाबतीत छोट्या धंद्याला तीन गोष्टी चावतात. बँकेत किंवा शेअरवर नॉमिनी लावला म्हणजे तो मालक झाला असं नाही. नॉमिनी रक्कम स्वीकारतो, हक्क वारसांचा. शेअरच्या बाबतीत हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा सांगितलं. एकट्याच्या मालकीचा धंदा असेल तर मालक गेल्यावर जीएसटी क्रमांक मुलाच्या नावे आपोआप होत नाही. वारसाला नवी नोंदणी करावी लागते आणि जुन्या खात्यातलं, खरेदीवर भरलेल्या कराचं क्रेडिट आयटीसी-०२ या फॉर्मने वळवावं लागतं. आणि भागीदारी असेल तर १९३२ च्या कायद्याप्रमाणे करारात वेगळं लिहिलेलं नसल्यास एका भागीदाराच्या मृत्यूने फर्म विसर्जित होते. बापलेक असे दोघंच भागीदार असतील तर करारातलं कलमही उपयोगी पडत नाही, कारण एका माणसाची भागीदारी होत नाही. अशा फर्ममध्ये सून, मुलगी किंवा दुसरा भाऊ यांपैकी एखाद्याला वडील धडधाकट असतानाच तिसरा भागीदार करून घ्यावं, आणि त्या करारात नफ्याचा हिस्सा एका कलमात, चालवणाऱ्याचा पगार दुसऱ्या कलमात लिहावा.