तेजा, जयंती धर्म

तेजा, जयंती धर्म : (१९२२–१९८५). भारतीय नौवहन उद्योजक व जयंती शिपिंग कंपनीचे संस्थापक. तेलुगू कुटुंबात जन्म. उच्च शिक्षण व सुरुवातीचा व्यवसाय अमेरिकेत. १९६० च्या सुमारास ते भारतात परतले आणि १९६१ मध्ये त्यांनी कंपनी स्थापन केली. तत्कालीन पंतप्रधान नेहरूंशी असलेल्या त्यांच्या परिचयाची चर्चा पुष्कळ झाली. मात्र कंपनी उभी राहिली ती मुख्यतः सरकारी कर्जावर, आणि पुढचा सारा वाद त्या कर्जाच्या रचनेतूनच उलगडतो.

मर्चंट शिपिंग कायदा, १९५८ अन्वये नौवहन विकास निधी निर्माण झाला. त्याची समिती भारतीय कंपन्यांना जहाजखरेदीसाठी सवलतीच्या दराने कर्ज देई. या समितीकडून जयंती शिपिंगला सुमारे २० कोटी रुपये मंजूर झाले. नवख्या कंपनीसाठी त्या काळी ही रक्कम फार मोठी होती. जपानमधील मित्सुबिशीच्या गोदीकडे मोठ्या मालवाहू जहाजांची मागणी नोंदवली गेली. अशा व्यवहारात जहाज बांधून त्याची नोंदणी होईपर्यंत त्यावर गहाण चढवता येत नाही. गोदीचे हप्ते मात्र आधीपासून सुरू होतात. या मधल्या काळात सावकाराचे पैसे जवळजवळ मालकाच्या शब्दावरच असतात. गोदीशी झालेल्या व्यवहारातील रकमा परदेशी खात्यांत वळवल्याचा जो आरोप पुढे झाला, तो समजून घेताना ही बाब ध्यानात ठेवावी लागते. जहाजे मात्र खरीखुरी होती. धान्यआयातीवर देश अवलंबून असताना अवजड सुटा माल वाहणाऱ्या भारतीय जहाजांची निकड होती, आणि कंपनीने ती अल्पावधीत काही अंशी भागवली.

संसदेत टीका वाढत गेली आणि कर्जफेड अडखळली. जून १९६६ मध्ये सरकारने कंपनीचे व्यवस्थापन ताब्यात घेतले व त्यासाठी त्याच वर्षी कायदा केला. कारभार शिपिंग कॉर्पोरेशन ऑफ इंडिया या सरकारी नौवहन कंपनीचे प्रमुख चं. प्र. श्रीवास्तव यांच्याकडे आला. ६ जून १९६६ च्या रुपयाच्या अवमूल्यनाने डॉलरचा दर ४·७६ रुपयांवरून ७·५० रुपयांवर गेला व परकीय चलनातील देणी एका रात्रीत दीडपटीहून अधिक झाली. त्यामुळे तेजा मुळात परिस्थितीचे बळी होते, असे एक मत मांडले जाते. परंतु अडचणी अवमूल्यनापूर्वीच्या होत्या, हे पाहता दोषाचा मोठा वाटा कारभाराकडे जातो, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

तेजा तोवर देशाबाहेर होते. अमेरिकेतून ते कोस्टा रिकात गेले. तेथून त्यांना परत आणण्याचा भारताचा प्रयत्न फसला. १९७० मध्ये लंडनमध्ये त्यांना अटक झाली. कोस्टा रिका सरकारने आपल्याला आर्थिक सल्लागार नेमून राजनैतिक दर्जा दिला आहे, म्हणून अटक व प्रत्यार्पण बेकायदा ठरते, असा पवित्रा त्यांनी घेतला. इंग्लंडचे सरन्यायाधीश लॉर्ड पार्कर यांच्यासमोर चाललेला हा खटला (१९७१) आंतरराष्ट्रीय कायद्याच्या अभ्यासकांना आजही परिचित आहे. पाठवणाऱ्या राज्याने एकतर्फी कागद दिल्याने राजनैतिक संरक्षण मिळत नाही. ज्या राज्यात ते मागायचे त्याने त्या व्यक्तीला कोणत्या तरी स्वरूपात स्वीकारलेले असावे लागते, असे न्यायालयाने ठरवले. परदेशातील व्यापारी करारासाठी फिरणारा सल्लागार या व्याख्येत बसत नव्हता. पुढे इंग्लंडमधीलच बग्गा खटल्यात दूतावासातील कर्मचाऱ्यांच्या बाबतीत त्यांच्या नेमणुकीची यजमान राज्याला पूर्वसूचना ही संरक्षणाची अनिवार्य अट नाही, असा निर्णय झाला. तरी त्याने तेजा निकालाचा गाभा ढळत नाही. दूतावासात प्रत्यक्ष काम करणारा आणि वाटेत पकडला गेलेला पाहुणा यांची परिस्थिती मुळातच वेगळी आहे. कंपनीचा हिशेब लोकांच्या स्मरणातून गेला तरी तेजांचे नाव कायद्याच्या पुस्तकांत टिकले, ते या निकालामुळे.

१९७१ मध्ये त्यांना भारतात आणले गेले व १९७२ मध्ये तीन वर्षांची शिक्षा झाली. सुटकेनंतर ते पुन्हा परदेशी गेले. १९८५ मध्ये अमेरिकेत त्यांचे निधन झाले.

कंपनीचे समभाग सरकारने १९७१ च्या कायद्याने संपादन केले आणि १९७३ मध्ये ती मुंबईस्थित शिपिंग कॉर्पोरेशनमध्ये विलीन झाली.